मोटारीची बॅटरी कां उतरते? : घरच्या घरीं करावयाचा तपास

यंत्र बिनबोभाट चालत असतें तोंपर्यंत त्याच्या अंतरंगाचा विचार करण्याचें आपणांस कारण पडत नाहीं. तें अडून बसलें म्हणजे मात्र आपण खडबडून जागे होतों, आणि विचार करण्याऐवजीं तर्क करूं लागतों. मोटारगाडीच्या बाबतींत हा प्रकार विशेषच आढळतो. शाळेची वेळ झालेली असते, मुलें दप्तरें घेऊन गाडींत बसलेलीं असतात, वडील किल्ली फिरवितात, आणि इंजिनांतून नेहमींच्या घरघरीऐवजीं नुसता 'टक्' असा आवाज येतो. "बॅटरी गेली," असा निकाल शेजारी देतात. नवी बॅटरी येते. आठ दिवस बरे जातात. नवव्या दिवशीं पुन्हां तोच आवाज. मग "अल्टरनेटर गेला" असा दुसरा निकाल लागतो व तोहि बदलण्यांत येतो. शेवटीं कळतें तें असें कीं, दोष ह्या दोहोंपैकीं एकाचाहि नव्हता. तारेच्या टोंकावर चढलेल्या पांढरट थराचा होता, आणि तो गरम पाण्यानें व खाण्याच्या सोड्यानें दहा मिनिटांत निघण्यासारखा होता.

असा विनाकारण खर्च मध्यम स्थितीच्या कुटुंबास थोडा जड जात नाहीं. तो टाळण्यास फार मोठी विद्या लागते असेंहि नाहीं. विद्युत्प्रवाह, विद्युद्दाब व रोध हे तीन शब्द आपल्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या वर्गांत पाठ केलेलेच असतात. त्या शब्दांचा अंगणांत उभ्या असलेल्या गाडीशीं काय संबंध आहे हें दाखवावें, आणि पालकांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं त्यांच्या हातीं अंदाज नव्हे तर पुरावा असावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. येथें सांगितलेली रीति बारा व्होल्टची बॅटरी व अल्टरनेटर असलेल्या साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीस लागू आहे.

ही व्यवस्था मोटारींत आली कशी, हें प्रथम पाहूं. आरंभींच्या मोटारी पुढील बाजूस लोखंडी दांडा घालून हातानें फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनानें उलटा झटका दिला म्हणजे दांडा मागें फिरे व मनगट मोडण्यापर्यंत पाळी येई. १९१२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून दांड्याचे दिवस सरूं लागले. परंतु स्टार्टरला वीज हवी. ती सांठविण्यास बॅटरी हवी. आणि खर्च झालेली वीज भरून काढण्यास गाडींतच वीज उत्पन्न करणारें यंत्र हवें. शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते ह्यांनीं १८५९ सालीं लावला होता. आणि चुंबक व तारेचें वेटोळें ह्यांच्या परस्पर हालचालीनें प्रवाह उत्पन्न होतो हें तत्त्व मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें. आपण किल्ली फिरवितों तेव्हां ह्या तीन शोधांचा उपयोग एका क्षणांत करीत असतों. आरंभींच्या अ‍ॅम्बॅसडर व फियाट गाड्यांत वीज उत्पन्न करण्याचें काम डायनामो करीत असे. पुढें त्याची जागा अल्टरनेटरनें घेतली. अल्टरनेटर वजनानें हलका असून इंजिन मंद चालत असतांनाहि बरीच वीज देतो.

आतां एक घरगुती दृष्टांत घेऊं. आपल्या गच्चीवर पाण्याची टांकी असते व खालीं पंप असतो. पंप पाणी चढवितो, टांकी तें सांठविते, नळांतून तें खेळतें, आणि टांकी भरली म्हणजे तरंगता गोळा येणारें पाणी बंद करितो. मोटारींत बॅटरी ही टांकी, अल्टरनेटर हा पंप, तारा हे नळ आणि रेग्युलेटर नांवाचा लहानसा भाग हा तो तरंगता गोळा. सकाळीं उठून पाहावें तों टांकी कोरडी! अशा वेळीं शहाणा गृहस्थ चारच गोष्टी पाहतो : टांकी फुटली आहे काय? पंप चालत नाहीं काय? मधला नळ तुंबला आहे काय? कीं रात्रीं कोणी तोटी उघडी ठेवली? मोटारीची बॅटरी उतरण्याचींहि हींच चार कारणें आहेत. पांचवें सहसा आढळत नाहीं. आपला सारा तपास म्हणजे ह्या चार प्रश्नांचीं क्रमानें उत्तरें मिळविणें होय.

बॅटरीच्या पेटींत सहा घट एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येक घटांत शिशाच्या व शिशाच्या पेरॉक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. भरलेल्या घटाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून सहा घटांचा मिळून १२.६ व्होल्ट होतो. वीज खर्च होत जाते तसतसें अम्लांतील गंधकाचें द्रव्य दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतें व अम्ल पातळ होत जातें. वीज भरतांना हीच क्रिया उलट होते. मात्र बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या स्थितींत पडून राहिली तर पट्ट्यांवरील तो थर कठीण होतो व पुन्हां विरघळत नाहीं. 'उतरलेली बॅटरी तशीच ठेवूं नये' ह्या सल्ल्याचें मर्म हेंच.

अल्टरनेटर इंजिनाच्या बाजूस असतो व रबरी पट्ट्यानें फिरविला जातो. त्याच्या पोटांत एक विद्युच्चुंबक गरगर फिरतो व भोंवतालच्या स्थिर वेटोळ्यांत दिशा बदलणारा प्रवाह उत्पन्न करितो. बॅटरीस तर एकाच दिशेचा प्रवाह लागतो. म्हणून डायोड नांवाचे एकमार्गी दरवाजे त्यास सरळ करितात. फिरत्या चुंबकास लागणारी थोडीशी वीज कोळशाच्या दोन लहान ब्रशांतून पोंचविली जाते, व ती कमीअधिक करून रेग्युलेटर दाब मर्यादेंत ठेवितो. पुष्कळ गाड्यांत आरंभींची ही वीज चालकासमोरील बॅटरीचें चित्र असलेल्या लाल दिव्यामधूनच जाते. दिव्याच्या एका बाजूस बॅटरी व दुसऱ्या बाजूस अल्टरनेटर. दोहोंचा दाब सारखा झाला म्हणजे दिव्यांतून प्रवाह वाहण्याचें कारण उरत नाहीं व तो विझतो. हा लाल दिवा म्हणजे फुकट मिळालेला पहारेकरीच आहे.

प्रत्यक्ष कामास हात घालण्यापूर्वीं सावधगिरीचे चार शब्द सांगणें अवश्य आहे. विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखतच करावें. वीज भरली जात असतां बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेट घेतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा दिवा नसावा. आंतील अम्ल कातडी, कपडे व डोळे ह्यांस घातक आहे. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि अम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावें. डोळ्यांत गेल्यास धुऊन लागलीच डॉक्टर गांठावा. हातांतील आंगठ्या, कडीं व घड्याळ काढून ठेवावें. बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें सोन्याची आंगठी सांपडली तर ती क्षणांत लाल होऊन बोट भाजते. इंजिन चालू असतां ओढणी, पदर किंवा मोकळे केस पंख्याजवळ व पट्ट्याजवळ नेऊं नयेत. बंद खोलींत इंजिन कधींहि चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, परंतु तो प्राण घेतो.

साधनें थोडींच लागतात. व्होल्ट व अँपियर मोजणारा साधा मल्टिमीटर, एक-दोन पाने, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन आणि एक वही. वहीचें महत्त्व मीटरहून कमी समजूं नये. प्रत्येक माप घेतल्याबरोबर लिहून ठेवावें. स्मरणावर विसंबल्यास मागाहून आपल्या सोयीचेंच माप आठवतें.

प्रारंभ डोळ्यांनीं करावा. बॅटरीचीं टोंकें पाहावीं; त्यांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसल्यास तो काढावा. त्यासाठीं प्रथम ऋण टोंकाची, म्हणजे उणें चिन्हाची तार सोडावी आणि मग धन टोंकाची. जोडतांना ह्याच्या उलट, ऋण तार शेवटीं. ह्या क्रमास कारण आहे. गाडीचें सर्व लोखंडी अंग ऋण टोंकाशीं जोडलेलें असतें. ऋण तार जागेवर असतां धन टोंक सोडूं गेलें व पाना चुकून अंगास लागला तर मोठा स्फुल्लिंग उडतो. सोड्याच्या पाण्यानें थर धुवावा, परंतु तें पाणी घटांच्या आंत जाऊं देऊं नये. मग ब्रशानें धातु चकचकीत करून, तारा घट्ट बसवून, वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. कोंकणपट्टीच्या खाऱ्या व दमट हवेंत हा थर फार लवकर चढतो. बॅटरीस झांकणें असतील तर पट्ट्या बुडतील इतकेंच शुद्ध डिस्टिल्ड वॉटर घालावें. नळाचें पाणी घालूं नये, आणि अम्ल तर मुळींच नाहीं, कारण उडून जातें तें पाणी, अम्ल नव्हे.

नंतर इंजिन बंद असतां पट्टा पाहावा. तो चिरलेला, तेलकट किंवा कांचेसारखा गुळगुळीत झालेला असल्यास बदलावा. साध्या जातीच्या पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्यानें दाबलें असतां तो सुमारें एक सेंटिमीटर दबावा; नेमकें माप गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. सैल पट्टा घसरतो, व गाडी सुरू करतांच किंवा दिवे लावतांच किंचाळल्यासारखा आवाज करितो. पावसाळ्यांत पट्टा भिजला म्हणजे ही तक्रार अधिकच ऐकूं येते.

आतां मोजमापांकडे वळूं. पहिली परीक्षा टांकीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, कांहींहि चालू न करितां, मीटरचीं टोंकें बॅटरीच्या दोन टोंकांस लावावीं. १२.६ व्होल्ट आल्यास बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ आल्यास सुमारें पाऊण, १२.२ आल्यास निम्मी, आणि १२ च्या आसपास आल्यास पाव भाग भरलेली समजावी. आंकडे किती जवळजवळ आहेत पाहा! पूर्ण व निम्मी ह्यांत अर्ध्या व्होल्टाचेंहि अंतर नाहीं. म्हणून 'बारा व्होल्ट दाखवीत आहे, अर्थात् बॅटरी ठीक आहे' हें म्हणणें चुकीचें आहे.

दुसरी परीक्षा बॅटरीच्या बळाची. बॅटरी पूर्ण भरलेली असतां एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें मीटर पाहावा. स्टार्टर फिरत असतां दाब उतरतो, तें स्वाभाविक आहे; परंतु तो साधारणपणें ९.६ व्होल्टांच्या खालीं जाऊं नये. विश्रांतींत १२.६ दाखविणारी बॅटरी ह्या वेळीं सात-आठ व्होल्टांवर कोसळली तर तिच्या पट्ट्या निकामी झाल्या आहेत. टांकी फुटकी आहे. उलट, दाब बारांच्या वर स्थिर राहून स्टार्टर नुसता 'टक्' करीत असेल, तर बॅटरीकडे वीज आहे, पण ती स्टार्टरपर्यंत पोंचत नाहीं, अथवा स्टार्टरच नादुरुस्त आहे. अशा वेळीं नवी बॅटरी आणणें म्हणजे नळ तुंबला असतां नवी टांकी विकत घेणें होय.

तिसरी परीक्षा पंपाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. इंजिन सुरू करून किंचित् वेगानें, मिनिटास सुमारें १५०० ते २००० फेरे होतील असें, चालवावें व पुन्हां बॅटरीच्या टोंकांवर दाब मोजावा. तो १३.८ ते १४.५ व्होल्ट असेल तर अल्टरनेटर आपलें काम करीत आहे. मग पुढचे दिवे, पंखा व कांचेवरील वायपर चालू करावे. तरीहि दाब १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. दाब १२.५ वरच राहिला किंवा हळूहळू उतरूं लागला, तर बॅटरी खर्च होत आहे व भरली जात नाहीं हें निश्चित झालें. उलटपक्षीं तो १५ व्होल्टांच्याहि वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. टांकी भरूनहि गोळा पाणी थांबवीत नाहीं. अशानें घटांतील पाणी उकळल्यासारखें होऊन उडून जातें, दिवे जळतात व नवी बॅटरीहि थोड्याच महिन्यांत मरते. बॅटरींत वारंवार पाणी घालावें लागत असेल तर ह्या दोषाचा संशय घ्यावा.

भरणा होत नाहीं असें ठरल्यावरहि लगेच अल्टरनेटर काढूं नये. लाल दिव्याची साक्ष घ्यावी. किल्ली फिरविली, पण इंजिन सुरू केलें नाहीं, तर दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर त्याचा बल्ब, फ्यूज किंवा तार तुटली असावी. आणि चुंबकास आरंभींची वीज ह्याच वाटेनें मिळते अशा गाडींत पै किंमतीच्या बल्बामुळें उत्तम अल्टरनेटरहि स्वस्थ बसून राहतो. दिवा लागला पण इंजिन चालू झाल्यावर विझला नाहीं, तर पट्टा, ब्रश, रेग्युलेटर ह्या क्रमानें शोध करावा. ब्रश झिजणें ही फार सामान्य गोष्ट आहे, व केवळ ब्रश बदलून पुष्कळ अल्टरनेटर पुन्हां चालूं लागतात. दिवा मंद मंद जळत राहिला, तर एखादा डायोड गेला आहे अथवा जोड सैल झाला आहे असें समजावें. डायोडची शंका असल्यास मीटर दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या मापावर ठेवून, इंजिन चालू असतां बॅटरीवर मोजावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक माप आलें तर डायोड सदोष आहेत.

चौथी परीक्षा नळाची. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत आहे, पण बॅटरीवर १३.४ च मिळतात, असें कां व्हावें? येथें ओहमचा नियम उपयोगी पडतो. समजा, तारेंतून ४० अँपियर प्रवाह जात आहे व गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम आहे. ४० गुणिले ०.०२ म्हणजे ०.८ व्होल्ट, तेवढा दाब वाटेंतच खर्ची पडला, व जोड तापला तो वेगळाच. हें पाहण्यासाठीं इंजिन व दिवे चालू ठेवून, मीटरचें एक टोंक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या खिळीस व दुसरें बॅटरीच्या धन टोंकास जपून लावावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक माप येऊं नये. तसेंच अल्टरनेटरचें अंग व बॅटरीचें ऋण टोंक ह्यांमध्यें ०.२ व्होल्टाहून अधिक येऊं नये. अधिक आल्यास जोड उघडून, घांसून, घट्ट करावे. ह्या परीक्षेस एक पैहि लागत नाहीं, आणि तीच बहुधा विसरली जाते.

पांचवी परीक्षा उघड्या तोटीची. वरील सर्व मापें बरोबर येऊनहि गाडी दोन-तीन दिवस उभी राहतांच बॅटरी उतरत असेल, तर कोठें तरी गुप्तपणें वीज गळत आहे. किल्ली काढून, सर्व दारें लावून, ऋण तार सोडावी व ती तार आणि ऋण टोंक ह्यांच्यामध्यें मीटर अँपियरच्या मोठ्या मापावर जोडावा. असा मीटर जोडलेला असतां चुकूनहि किल्ली फिरवूं नये. स्टार्टरचा प्रवाह शेंकडो अँपियर असतो व मीटर तत्काळ जळेल. हल्लींच्या गाड्यांतील यंत्रणा झोपीं जाण्यास कांहीं वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबून माप घ्यावें. घड्याळ, कुलूप इत्यादींसाठीं ०.०५ अँपियरपर्यंत प्रवाह चालेल. अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढतांच माप खालीं येतें, त्याच्याच वाटेवर चोर आहे. सामान ठेवण्याच्या डिकींतील दिवा झांकण लावल्यावरहि जळत राहणें हें ह्या चोरीचें नेहमींचें उदाहरण आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें गणित करून पाहावें. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. ०.०५ अँपियर गळती असल्यास ३५ भागिले ०.०५ म्हणजे ७०० तास, जवळजवळ २९ दिवस. परंतु डिकींतील ५ वॅटचा दिवा सुमारें ०.४२ अँपियर घेतो. त्यानें तीच बॅटरी ८४ तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांत कोरडी होते. आणि गाडी सुरू होईनाशी होण्यास तर तितकाहि अवधि लागत नाहीं. मे महिन्याच्या सुट्टींत गांवीं जातांना ऋण तार सोडून ठेवण्याची चाल किती शहाणपणाची आहे, हें ह्या आंकड्यांवरून दिसेल. मात्र नव्या गाड्यांत तसें करण्यापूर्वीं पुस्तिका पाहावी.

दुसरें एक गणित ह्याहून मनोरंजक आहे. गाडी सुरू करतांना स्टार्टर २०० अँपियर प्रवाह तीन सेकंद घेतो असें धरूं. हा खर्च ६०० अँपियर-सेकंद झाला. अल्टरनेटरनें १० अँपियर परत दिले तर तो ६० सेकंदांत, म्हणजे बहुतेक एका मिनिटांतच भरून निघतो. कांहीं गळती धरली तरी दोन-तीन मिनिटें पुरेत. मग रोज थोडें थोडें चालणाऱ्या गाडीची बॅटरी कां उतरते? कारण ती गर्दींत मंद चालत असतां दिवे, पंखा व गारव्याचें यंत्र हीं सर्व एकदम चालू असतात, व अल्टरनेटरची मिळकत त्यांच्याच पोटांत जाते. मिळकत थोडी व खर्च मोठा असलेल्या संसाराची जी गत, तीच ह्या बॅटरीची.

अगदीं उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेऊं नये. त्यावर तो भार फार पडतो. घरगुती चार्जरनें, बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारें दहाव्या हिश्शाच्या प्रवाहानें, म्हणजे ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीस साडेतीन अँपियरनें, मोकळ्या हवेंत सावकाश भरावी.

येथें एका जुन्या व घातक समजुतीचा समाचार घेणें जरूर आहे. इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढावी. इंजिन चालत राहिलें तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलें तर वाईट, अशी एक 'परीक्षा' अजूनहि सांगण्यांत येते. डायनामोच्या काळीं ती कदाचित् खपून जात असेल. अल्टरनेटरच्या गाडींत बॅटरी ही दाबाचे धक्के गिळणारी उशी असते. ती एकाएकीं काढून घेतली तर दाब क्षणार्धांत कित्येक पट उसळून डायोड, रेग्युलेटर व इंजिनाचा संगणक ह्यांचा नाश करूं शकतो. दोष शोधण्यासाठीं केलेली परीक्षाच नवा दोष उत्पन्न करिते! ती कोणीहि करूं नये, व कोणी करूं लागल्यास त्यास नम्रपणें थांबवावें.

प्रवासांत, समजा रात्रीं घाटांत, लाल दिवा लागला तर काय करावें? प्रथम इंजिनाच्या उष्णतेचा कांटा पाहावा. कांहीं गाड्यांत पाण्याचा पंपहि त्याच पट्ट्यावर चालतो, आणि पट्टा तुटला असल्यास गाडी तत्काळ थांबविलीच पाहिजे. कांटा ठीक असल्यास गारव्याचें यंत्र, पंखा, रेडिओ असे अनावश्यक खर्च बंद करावे. रात्रीं पुढचे व मागचे दिवे, ठिणगी व पेट्रोलचा पंप मिळून सुमारें २० अँपियर लागतात असें धरलें, तर ३५ अँपियर-तासांची भरलेली बॅटरी कागदोपत्रीं पावणेदोन तास पुरते. पण दाब त्यापूर्वींच पडतो, म्हणून तासाभराच्या वर भरंवसा ठेवूं नये. तेवढ्या अवधींत जवळच्या वस्तींत, उजेडाच्या जागीं गाडी न्यावी व मध्यें इंजिन बंद करूं नये. दिवे मंद होऊं लागल्यास मात्र रस्त्याच्या कडेस सुरक्षित थांबणेंच इष्ट. न दिसणारी गाडी पुढें हांकण्यापेक्षां उशीर पत्करणें केव्हांहि बरें.

आतां ह्या रीतीच्या मर्यादा. अलीकडील कित्येक गाड्यांत रेग्युलेटरचें काम संगणक करितो व इंधन वांचविण्यासाठीं भरण्याचा दाब मुद्दाम कमीजास्त करितो. तेथें क्षणभर १२.८ व्होल्ट दिसले म्हणून घाबरूं नये, पुस्तिकेंतील आंकडे प्रमाण मानावे. विजेवर चालणाऱ्या व दुहेरी गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात; त्यांतील दाब शेंकडो व्होल्ट असून प्राणघातक आहे. त्यांना हात लावण्याचा अधिकार शिकलेल्या कारागिरासच आहे.

वर सांगितलेल्या परीक्षांस मिळून अर्धा दिवस पुरेसा होतो. त्यांच्या शेवटीं आपण दोष स्वतः दुरुस्त करूं शकूं किंवा नाहीं, हा प्रश्न दुय्यम आहे. मेस्त्रीकडे जाऊन "गाडी चालत नाहीं, काय तें पाहा" असें म्हणणें वेगळें, आणि "विश्रांतींत १२.५, इंजिन चालू असतां १२.३, पट्टा ठीक, लाल दिवा विझत नाहीं" असें वहींतून वाचून दाखविणें वेगळें. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकास प्रामाणिक कारागीर आनंदानें मदत करितो, आणि जो तसा नाहीं तोहि जपून बोलतो.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंतील निरीक्षण, नोंद व अनुमान ह्या तीन पायऱ्या परीक्षेंतील गुणांपुरत्याच आहेत असें मानूं नका. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वीं मोजावें, मोजलेलें लिहावें, आणि पुरावा नसतां कोणासहि, मग तें यंत्र असो वा माणूस, दोषी ठरवूं नये, एवढें ज्यास साधलें त्यास बॅटरीच काय, पण पुढें संसारांतील पुष्कळ अडचणी उलगडतां येतील.